पणजीहून परतलेल्या माणसाचा शीण

पणजीत संध्याकाळ घालवून रात्री घरी आलेल्या माणसाचा शीण कसा उतरवावा, हे फेरीबोटीपलीकडच्या आमच्या नार्वे गावात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. ही बढाई नव्हे. माझी सगळी नोकरी पणजीच्या कचेरीत झाली आणि मैत्रिणींबरोबर एकही बरं नाटक मी सोडलं नाही. कानात गोंगाट घेऊन आलेलं माणूस आडवं झालं म्हणून झोपत नाही. आधी मीठ घातलेल्या कढत पाण्यात पाय बुडवायचे. मग वाटीभर पेज, तोंडी लावायला खारातली कैरी. मग दिवा मालवून दारातल्या सोप्यावर, म्हणजे ओट्याच्या दगडी बैठकीवर, अर्धा तास गप्प बसायचं. मोबाइल आत.

मुलगा जहाजावर असतो, त्यामुळे घरात मी आणि सून. ती कोल्हापूरकडची, नोकरी पणजीत. महिन्यातून दोनदा ऑफिसातल्या मुलींबरोबर जेवायला नाहीतर सिनेमाला जाते. मी कधी आडकाठी केली नाही. पण गेल्या वर्षी मुलाने जहाजावरून फोन केला. "आई, ती पणजीत मैत्रिणीबरोबर खोली घेते म्हणते. रात्रीचं येणं जमत नाही तिला."

फोन ठेवल्यावर घर एकदम मोठं वाटलं. ती गेली तर बोलायला भिंती. पण रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. येण्याचा त्रास होतो ना? मग येणंच इतकं सुखाचं करते की खोलीचं नाव काढणार नाही.

तिची स्कूटर फेरीबोटीवरून उतरून वळणावर वाजली की मी पाणी उतरवायची. "गो बाय, आदीं पांय बुडय, मागीर उलय." आधी पाय, बोलणं मागाहून. ती पाय बुडवायची, मी समोर बसायची. ती पेज प्यायची, मी समोर. सोप्यावरही मी शेजारी. सून जेवून निजायला जाईपर्यंत सासूने उठू नये, ही आमच्याकडची माया. सासू उठेपर्यंत सुनेने उठू नये, ही तिच्याकडची रीत. दोघी जांभया देत एकमेकींच्या उठण्याची वाट बघायचो, आणि मला वाटायचं, पोरीला किती बरं वाटतंय!

एका रात्री मी बसल्या बसल्या पेंगले आणि डोकं खांबावर आपटलं. ती धावली, कपाळ चोळलं आणि मग खाली बघत म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर एक बोलू का? तिथं सगळ्या हसत असतात, अन् माझ्या मनात एकच, आई पाणी तापवून बसल्या असतील. मग मीच म्हणते, उठा, चला. तुम्ही निजला असतात तर मी निवांत आले असते."

"आदीं सांगूंक कितें जाल्लें गो तुका?" आधीच सांगायला काय झालं होतं, म्हणून मी खेकसले. राग तिचा नव्हता, माझाच होता. माझी सासू नऊच्या ठोक्याला घोरायची. नाटकाहून आल्यावर ते घर, तो सोपा, तो काळोख एकट्या माझा असायचा. माझ्या इलाजातलं खरं औषध तेच होतं, आणि सुनेला नेमकं तेवढंच मी दिलं नव्हतं.

पुढच्या खेपेला पाणी तापवून, पेज झाकून ठेवली आणि दिवा मालवून मी नऊलाच पडले. झोप कसली! स्कूटर आली. दार हळूच उघडलं. पाण्याचा आवाज नाही, पेजेचं झाकण उघडलं नाही. फ्रिज उघडला. चमचा भांड्यावर वाजला, म्हणजे उभ्या उभ्याच ती काहीतरी खात होती, तेही भांड्यातूनच. दोन शब्द सुनवायला जीभ वळवळली. मग ती सोप्यावर जाऊन बसली, गाणं लावलं आणि मुलाला फोन केला. तिचं असं मोकळं हसणं मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं.

"आई कधीच झोपल्या," ती म्हणाली. "खोलीचं राहू दे आता. आज पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटतंय."

पहिल्यांदा! लागलं मला ते, खोटं कशाला बोलू? पोर राहणार म्हणून आनंदही तेवढाच झाला. नाक चोंदलं होतं, पण शिंकरलं तर तिला कळलं असतं मी जागी आहे. पदर तोंडावर दाबून तशीच पडून राहिले, ती आत येईपर्यंत.