दिव्याखालचं सोयाबीन

दैवशालाबाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की चारठाण्यात कुणी आडवं येत नाही. फाट्यावर एसटीतून उतरणाऱ्या बायकांना अंधारात चाचपडत यावं लागतं, म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीत ठाण मांडलं आणि मोठा दिवा मंजूर करून घेतला. खांब उभा राहिला तो नेमका त्यांच्याच बांधाला.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन पिवळं पडलं, पानं गळाली, शेंगा वाळल्या. बांधालगतचा पट्टा मात्र हिरवागार. कमरेएवढा वाढलेला, शेंगा नावालाच.

“बियाणं बोगस निघालं,” त्यांचे मालक भुजंगराव म्हणाले. “दुकानदाराला धरतोच आता.”

“थांबा जरा. एकाच पिशवीतलं बी हाय. मग बाकीचं कसं काय पिकलं?”

कृषी सहायक पंकजाताई आल्या. त्यांनी पीक पाहिलं, मग मान वर करून खांब पाहिला आणि हसायलाच लागल्या.

“मावशी, सोयाबीनला रात्रीची लांबी कळते. रात्र मोठी व्हायला लागली की ते फुलतं, शेंगा धरतं. इथं दिव्यानं रात्रच होऊ दिली नाही.”

“म्हंजे ते बिचारं अजून आषाढातच हाय म्हणा की.”

सरपंच व्यंकटराव घरी आले. “वहिनी, तुमचं नुकसान व्हायलंय. दिवा काढून घेतो.”

दैवशालाबाईंचा जीव पिकासाठी तुटत होता. पण बायका आता गप्पा मारत, रमतगमत घरी येत होत्या, हेही त्या रोज पाहत होत्या.

“काढू नका. तोंड तेवढं रस्त्याकडं वळवा, अन् मागून पत्रा लावा.”

वायरमन रंगनाथनं तसं केलं. तरी थोडा उजेड शेतात सांडायचाच. पुढच्या पावसाळ्यात दैवशालाबाईंनी त्या पट्ट्यात कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, पेरलं.

“समदे सोयाबीन पेरायलेत, अन् तू चारा?” भुजंगराव म्हणाले.

“पिकायचंच न्हाई तर हिरवंच राहू द्या ना.”

कडवळ लय माजलं. कणसं धरायचं नावच घेईना, नुसता पाला. म्हशीचं दूध वाढलं. तेवढ्यानं हुरळून भुजंगरावांनी सेलूच्या बाजारातून न विचारता दुसरी म्हैस आणली. ती लाथाळ निघाली. कौतुक सगळं भुजंगराव करतात, धार मात्र दैवशालाबाईच काढतात.