गेम घरात नव्हताच

मित्रांनो, आज सकाळी माझी चांगलीच जिरली.

आजारपणापासून बाबांचा उजवा हात थरथरतो. इथे बंगळुरात आयुष्यभर विमानांचे भाग डिझाइन केले त्यांनी. आता क्लाउड गेमिंगवर विमान उतरवायला बसतात आणि ते दर वेळी कोसळतं. म्हटलं, कॉलेजात मी डझनभर गेमची कुलुपं तोडून ते क्रॅक केलेत. या गेममधला, विमान हेलकावणारा वारा गुपचूप कमी करून ठेवू.

तासभर लॅपटॉप धुंडाळला. गेमची एकही फाइल सापडेना.

"काय शोधतोयस?" बाबा मागेच उभे होते. मी कबूल केलं. ते हसले.

"अरे, गेम इथे नाहीच. तो चालतो लांबच्या सर्व्हरवर. आपण जॉयस्टिक हलवली की तो इशारा तिकडे जातो, तिकडून नुसतं चित्र येतं. चोरणार काय आणि बदलणार काय?"

मी थक्क झालो. म्हणजे बाबांच्या हाताची थरथर तिथवर जाऊन, विमान हलवून, पापणी लवायच्या आत परत येत होती!

"स्वल्प, थोडा सरक," म्हणत त्यांनी जॉयस्टिक डाव्या हातात घेतली. अकराव्या प्रयत्नात विमान अलगद उतरलं.

खरं सांगा, घरच्या माणसाला न विचारता त्याची परीक्षा सोपी करायला तुम्हीही कधी गेलात का?