राबाचा धडा

मी हे बोलतेय, लिहून घेणारी दुसरीच हाय. मला लिवता येत नाय. पहिलीत बसवली होती, पण त्याच पावसाळ्यात धाकटा भाऊ झाला आन् त्याला सांभाळायला घरी ठेवली, ती कायमची. त्याचं तवा काय वाटलं नाय, वाडीतल्या सगळ्याच पोरींचं तसं होतं. आईनं चिखलात उभी केली, हातात आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ दिली आन् बोलली, लाव. मागं राहिले तर पाठीत चिखलाचा गोळा बसायचा. लावणी, कापणी, मळणी, सगळं मी असंच शिकले.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. रस्त्याला यायला तासभर उतरायचं, चढायला दीड तास. मला मुलगा नाय. एक लेक, ती बिरवाडीला दिली. जावई कारखान्यात कामाला, भाड्याच्या खोलीत राहायचा. दुसऱ्या बाळंतपणात लेक गेली, बाळ पण गेलं. मोठी पोर तीन वर्षांची होती, ती मी कडेवर घालून वर आणली. वर्षभरात जावयानं दुसरं लग्न केलं. त्याला मी नावं ठेवत नाय, पाळीवरनं आलेल्या माणसाला भाकर कोण घालणार.

लग्न झाल्यावर तो पोरीला न्यायला आला. मी बोलले, "हिला मी शाळा शिकवते. तिकडं नेलीत तर ही धुणीभांडीच करील."

त्यानं पोरीकडं एकदा बघितलं. मग बोलला, "ठीक हाय, आत्या. शाळेत जाते तवर तुमच्याकडं. शाळा सुटली की माझ्याकडं."

मी हो बोलले. तवापासनं शाळा म्हणजे माझी पोर माझ्याजवळ राहायचं एकच कारण. ती शिकून मोठी व्हावी असं वाटायचंच, नाय असं नाय. पण पहिलं कारण ते.

वाडीत शाळा चौथीपर्यंत, एकच खोली, एकच मास्तर. पोर तिसरीत गेली तवा जुने मास्तर निवृत्त झाले आन् नवे गुरुजी आले. महाडचे, कोवळेच होते, मिशी धड फुटली नव्हती. महिनाभरात पोर घरी यायची ती मातीत लोळून आल्यागत. पाटी कोरी, वही कोरी.

"काय शिकलीस गो आज?"

"आजे, आज आम्ही शाळेचं अंगण दोरीनं मोजलं."

"कशाला? अंगण काय विकायचं हाय?"

दुसऱ्या दिवशी चिंचोके आन् रिठे मांडून दुकान घातलं. तिसऱ्या दिवशी चूल मांडून सगळ्या पोरांनी भात शिजवला, कच्चाच राहिला, तोच खाल्ला. मग वाफा खणून भेंडी लावली. माझं डोकं फिरलं. खणायचंच तर माझं शेत काय कमी होतं? मी कामावरनं तशीच शाळेत गेले, विळा कमरेला.

"गुरुजी, पोरगी मी लिवायवाचायला धाडते. काम करायला घरी हाय तेवढं पुरे."

गुरुजींनी मला खुर्ची दिली. मी बसले नाय. ते बोलले, "आजी, अमेरिकेत एक म्हातारा विचारवंत होऊन गेला. आम्हाला शिकताना त्याचं सांगितलं होतं. त्याचं म्हणणं, मूल नुसतं ऐकून शिकत नाही, करून शिकतं. एखादी गोष्ट खरी की खोटी ते करून बघितल्यावर कळतं. त्याच्यामुळं देशोदेशीच्या शाळा बदलल्या."

मला हसू आलं. "हे सांगायला एवढ्या लांबचा म्हातारा लागला? मी सगळं करूनच शिकले. मग मी शहाणी का नाय झाले? मला एसटीवरची पाटी वाचता येत नाय."

पोरं दारात उभी राहून ऐकत होती. गुरुजी लाल झाले, पण उत्तर दिलंन. "तुम्हाला नुसतं करायला लावलं, आजी. करून झाल्यावर थांबून, असं का झालं, हे विचारायला कोणी दिलं नाही. तो म्हातारा त्या विचारण्याला शिक्षण म्हणायचा. नुसत्या कामाला नाही."

खरंच, कोणी दिलं नव्हतं. आईला कधी विचारलं, असं का, तर बोलायची, तोंड नको चालवू, हात चालव.

मी जायला निघाले तर बोलले, "आजी, तुम्हीच या ना शिकवायला. भाताच्या रोपासाठी राब कसा भाजतात ते मला पण येत नाही."

मला वाटलं थट्टा करतात. पण फाल्गुनात खरंच बोलावणं आलं. पोरगीच घेऊन आली, "आजे, उद्या तू बाई." वाडीतल्या बायका हसल्या. एक बोलली, "जा गो जा, बाई झालीस, आता छत्री घे काखेत!" मी धुतलेलं लुगडं नेसून गेले. त्या दिवशी खुर्चीवर बसले.

मी बोलत गेले, गुरुजी विचारत गेले. रोपाच्या जागेवर पहिलं शेण पसरायचं. त्यावर कवळ, म्हणजे झाडाचे तोडलेले डहाळे. त्यावर सुक्या पानांचा पातेरा, गवत, आन् वरनं बारीक माती, म्हणजे भडका होत नाय, धुमसत राहतं. माती भाजली की तणाचं बी मरतं, आन् पाऊस पडल्यावर पेरलेलं भात जोमानं येतं. पेटवायचं वारा जिकडं जातो त्या टोकाला, म्हणजे आग वाऱ्याच्या उलटी, हळू सरकत येते आन् माती खोल भाजते. वारा जिकडनं येतो त्या बाजूनं लावलं तर आग वरच्यावर पळते, माती कच्ची राहते.

गुरुजींनी माझ्या नातीला फळ्यावर लिवायला लावलं. मी बोलायची, ती लिवायची. पंचवीस पोरं ते बघून वहीत उतरत होती. मला वाचता येत नव्हतं, पण ते माझं बोलणं होतं एवढं कळत होतं. असं कधी झालं नव्हतं.

मग गुरुजी बोलले, आपण आजींच्याच शेतात दोन लहान राब करू. एक आजी सांगतात तसा पेटवायचा, एक उलट. पावसात दोन्हीत पेरायचं आन् कुठलं रोप चांगलं येतं ते बघायचं.

मी बोलले, "गुरुजी, मी सांगतेय ना उलटा पेटवू नये."

"सांगू नका आजी, त्यांना बघू द्या."

इथं मी "नको" असं बोलायला पायजे होतं. मला माहीत होतं चैत्रात दुपारनंतर खालनं वारा कसा येतो ते. पण सगळी पोरं मला बाई बाई करत होती, आन् मी गप बसले.

चैत्रात एका दुपारी दोन्ही राब पेटवले. माझा राब गुणानं धुमसला. दुसऱ्याला माझ्या नातीनं काडी लावली, हट्टानं, माझ्या आजीचं शेत, मीच लावणार. आग सरसर पळाली आन् बांध ओलांडून गेली. पलीकडं गावकीच्या, म्हणजे वाडीच्या पंचांच्या, म्होरक्याची पेंढ्याची रचलेली उडवी होती. गुरुजी, पोरं, मी, सगळी हिरव्या डहाळ्यांनी बडवायला लागलो. उडवी गेलीच. डहाळी पेटली तरी नातीनं सोडली नाय, तिचा उजवा तळवा भाजला.

गुरुजींनी तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोलादपूरला नेलं. परत येईतो दिवस मावळला. माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. मी पोरीला त्यांच्या पाठीवरनं उतरवून घेतली आन् आत गेले.

दोन दिवसांनी देवळात गावकी बसली. आमच्याकडं गावकी बोलली की झालं, मोडणाऱ्याच्या दारात मयताला पण माणूस येत नाय. त्यात मी विधवा बाई. दुपारचं बोलावणं आलं, नात माझा पदर धरून आली, हाताला पट्टी. ती पायरीवर बसली, मी खांबाच्या बाजूला उभी राहिले. म्होरका मला लांबचा पुतण्या लागतो. त्याच्या मांडीवर कागद होता.

"काकी, पोरीचा हात कसा हाय?"

"बरा हाय."

"आज हात, उद्या जीव. मास्तरावर अर्ज करायचा हाय. पोर तुझी भाजली, पहिला अंगठा तुझा."

मी बोलले, "उडवी तुमची गेली, मला वाईट वाटतं. पण मास्तर जायला नको. पोरांना आगीत नेऊ नये आन् लिवणं जास्ती घ्यावं, एवढंच लिवा."

"तेच लिवलंय, काकी."

कोणतरी मागनं बोललं, "लाव गो, जनावरं हंबरायला लागली तिकडं."

मी अंगठा शाईत बुडवला आन् लावला. माझ्या मागं सगळ्यांनी सह्या केल्या.

पायरीवर माझी नात बसली होती. अख्ख्या वाडीत तिच्याइतकं खडाखडा वाचणारं लहान पोर नव्हतं. आमच्या मधे दहा पावलं पण नव्हती. कागद घेऊन तिच्यापुढं धरावा हे माझ्या मनातच आलं नाय. बाप्यांच्या बैठकीत पोरीकडनं कागद वाचून घ्यायचा, असं कोण करतं? आज पण कोण करत नाय.

मे महिन्यात गुरुजींची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी घरी आले, पोरीला एक कोरी वही दिली, बोलले, दोन्ही राबांत पेर आणि रोज लिहून ठेव. मला वाकून नमस्कार केलान. अंगठ्याचं काय बोलले नाय. त्यांना माहीत असणार, आता वाटतं.

जूनमध्ये शाळा उघडली, मास्तर आला नाय. खालच्या शाळेतले मास्तर आठवड्यातनं दोन दिवस येतील असं कळलं. ओढा भरला की तेही यायचे नायत. आमच्या पोरीनं दोन्ही राबांत पेरलं. माझ्या राबात रोप काळंभोर, दाट. दुसऱ्यात निम्मं तण. ती रोज काडीनं उंची मोजायची आन् वहीत लिवायची. तीन बोटं, चार बोटं. आषाढ आला तवा वही अर्धी झाली होती आन् दाखवायला कोण नव्हतं.

मग मी तिला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले, म्हटलं, आमचे गुरुजी परत द्या. कारकून माणूस चांगला होता. फाईल काढून बघितली आन् माझ्याकडं बघायला लागला.

"आजी, बदली तुमच्याच अर्जावरनं झाली."

"मी बदली नाय मागितली."

त्यानं कागद टेबलावर फिरवला. नात टाचा उंच करून वाचायला लागली. सदर शिक्षक मुलांना काही शिकवत नाहीत. मुलांना आगीत ढकलतात. तरी त्यांची ताबडतोब बदली करावी. ती तिथं थांबली. मग खाली बोट ठेवून माझं नाव वाचलंन. नावाच्या बाजूला माझा अंगठा.

"नवीन मास्तर मिळाला की देऊ," कारकून बोलला. "तुमच्याकडं वर यायला कोणी तयार होत नाही."

चढण चढताना ती पुढं चालत होती. अर्ध्या वाटेवर थांबली. "आजे, कागद मला का नाय दाखवलास? मी तिथंच होते ना."

मी पदर डोक्यावर ओढला. बोलले, "चल, पाऊस येतोय."

गणपतीत जावई आला. बायकोला दुसरं मूल झालं होतं, ती अजून उठत नव्हती. त्यानं शाळेला कुलूप बघितलं, कोणाला काय विचारलं नाय. जेवून झाल्यावर बोलला, "आत्या, आपलं ठरलं होतं."

"मास्तर येणार हाय. दिवाळीनंतर येणार हाय."

"आला की बघू. घरात बसून काय करते? तिकडं दोन पोरं हायत, तेवढी सांभाळील. बिरवाडीला पण शाळा हाय की."

मला माहीत होतं दोन पोरं कडेवर घेऊन शाळा होत नाय. मी लहान भाऊ सांभाळलाय. पण बोलायला माझ्याकडं काय होतं? शाळा होती तवर मी बोलू शकत होते. मी तिचे दोन झगे पिशवीत घातले. वही तिनंच घातली.

पोलादपूरच्या स्टँडवर पाऊस भुरभुरत होता. बिरवाडीला जायला महाडची गाडी धरायची होती. जावई तंबाखू घ्यायला गेला. गाड्या येत होत्या, जात होत्या, मला सगळ्या सारख्याच. एक गाडी येऊन लागली. मी तिचा हात धरून उभी होते, तळव्याची कातडी अजून गुळगुळीत लागायची. मला वाटलं, ही गाडी जाऊ दे, दुसरी पण जाऊ दे.

तिनं मान वर करून पाटी वाचली.

"आजे, महाडची. हीच गाडी," ती बोलली, आन् बापाला हाक मारलीन.