आधी ‘बॅश’ लिहायची सवय

अंधेरीच्या ऑफिसातले माझे उमेदवारीचे सहा महिने संपत आले होते. शुक्रवारी मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. घरातला पहिला पदवीधर मी, त्यामुळे गावी आईने “मुलगा कायम झाला” असं आधीच सांगून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी मी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने हुकूम देणारी फाईल, सुरू झाली. लॅबच्या प्रोग्रामने ती आपणहून चालवायची आणि पेशंटचे रिपोर्ट काढायचे, असं ठरलं होतं. सकाळी दहाला लॅबमधून फोन आला, एकही रिपोर्ट निघालेला नाही. काउंटरवर माणसं खोळंबली होती. मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नमुन्याची माहिती घालून स्क्रिप्ट हाताने चालवून पाहिली. रिपोर्ट निघाले.

“माझ्याकडे चालतंय,” मी सांगितलं.

त्यांच्या स्क्रीनवर मात्र सकाळपासून एकच ओळ येत होती: परवानगी नाकारली.

आमची टीम लीड कणकवलीची. तिने खुर्ची माझ्याकडे ओढली.

“चालवून दाखव.”

मी ‘बॅश’ लिहिलं, म्हणजे हुकूम वाचून पार पाडणाऱ्या प्रोग्रामचं नाव, आणि पुढे माझ्या फाईलचं नाव.

“आधी बॅश कशाला?”

“असंच लिहितात ना, मॅडम.”

“कोण लिहितात?”

तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या सरांनी दिलेल्या जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाची पहिली ओळ तशीच असायची. ती उतरवली की सही मिळायची. तीन वर्षं आम्ही सगळ्यांनी ती उतरवली.

“तू बॅशला चालवतोस रे. तो तुझी फाईल नुसती वाचतो. लॅबचा प्रोग्राम थेट फाईलच चालवायला जातो. तिला चालवायची परवानगी तू दिलीच नाहीस.”

घाईघाईत मी लॅबच्या कॉम्प्युटरला इथूनच जोडून घेतलं आणि सगळ्यांना सगळं खुलं करणारा आकडा टाइप केला, ७७७. तिने माझा हात बाजूला केला.

“मेल्या, पेशंटचे रिपोर्ट काढते ती. उद्या कोणीही येऊन बदलेल.”

मग तिने चालवायची परवानगी फक्त फाईलच्या मालकाला आणि लॅबच्या प्रोग्रामच्या गटाला दिली. पाच मिनिटांत रिपोर्ट निघाले. तिने फोन माझ्यापुढे सरकवला. चूक माझी होती, हे मी लॅबला सांगितलं. सांगताना शुक्रवारच डोळ्यांपुढे होता.

शुक्रवारी कायम झाल्याचं पत्र मिळालं. देताना ती म्हणाली, “पुढच्या वेळी जो चालवणार आहे, त्याच्याकडूनच चालवून बघ.”

ज्यांनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं त्या सरांना त्यांची ओळ अपुरी आहे असं कसं कळवायचं? दोनदा लिहून खोडलं, मग मेसेज पाठवला. उत्तर आलं, “पुढच्या जर्नलमध्ये घालतो. तू कायम झालास का?”

“हो सर.”