लगून बर्री

धारवाडच्या बस स्टँडवर मी उतरलो तो डोक्याला फेटा बांधून. लग्नाला आलो होतो ना! निदान मला तसं वाटत होतं.

फोन मीच घेतला होता. कोल्हापुरात आमच्या घरी नुकताच आलेला फोन, त्यात खरखर. पलीकडून बायकोच्या मावशीचे शेजारी ओरडत होते. कळलं ते एवढंच : "मावशी... लगून बर्री!" बर्री म्हणजे या, एवढं कानडी मला सासुरवाडीने शिकवलं होतं. 'लगून'चं लग्न मी स्वतःच्या हुशारीने केलं. मावशीच्या नातीचं जमत होतंच. मग हिचा नवा ब्लाउज शिवून येईपर्यंत आम्ही तीन दिवस थांबलो.

सुभाष रोडवर रिक्षा थांबवून मी गिरमिट (कांदा-मसाल्यात कालवलेले चुरमुरे) घेतलं. रिक्षावाला वैतागला. "अण्णा, लगून बर्री!"

"हो हो, लग्नालाच निघालोय," मी म्हणालो.

ही जन्माची धारवाडकर. एकदम वळली. "फोनवर ते नेमकं काय म्हणाले होते?"

मी सांगितलं.

"अहो, लगून म्हणजे लौकर! मावशीला काहीतरी झालंय!"

मी गिरमिटाचा पुडा मिटला. मावशीचं सप्तापूर येईपर्यंत ही रिक्षावाल्याला घाई करत राहिली. मी फेटा सोडायला गेलो, तर गाठ घट्ट बसलेली. घरासमोर चपलाच चपला. हिने माझा दंड धरला.

आत शिकवणीची मुलं ओळीने बसलेली. संस्कृतचे निवृत्त मास्तर असलेले काका शिकवत होते आणि मावशी उशीला टेकून पेज पीत होती. ताप परवाच उतरला होता.

"अग्गबाई!" ती म्हणाली. "नवरदेव कुणाकडचा?"

ही तिच्या गळ्यात पडून रडली. मी खाली मान घालून सगळं कबूल केलं.

"लगू म्हणजे आपला लघू," काका म्हणाले. "हलका असतो तो लौकर पोचतो." आणि त्यांनी माझ्या तीन बोचक्यांकडे पाहिलं.

"पुरे हो तुमचं व्याकरण. क्षणाचाच सण झालाय, असं तुम्हीच सांगता ना? मग आज माझा सण," म्हणत मावशीने आम्ही नातीसाठी आणलेली साडी खांद्यावर टाकून बघितली. परत दिली नाही.

परतीच्या बसमध्ये मी भीतभीत विचारलं, "रागावलीस?"

"नाही. पण आज एक उलगडलं," ही म्हणाली. "तुम्ही मला बघायला आला होतात, तेव्हा माझे अप्पा तुम्हाला दारातून सांगत होते, 'लगून निघा, गाडी चुकेल.' आणि तुम्ही कोल्हापुरात जाऊन सांगितलंत, पसंती आली."