लालासाहेबांची बिनफोलाची कॉफी

आमच्या दाराच्या बरोबर समोर हवालदार लालासाहेब राहायचे. त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांची कॉफी माझ्याइतकी गावात कुणी प्यायलेली नाही, म्हणून मीच लिहितो.

बहात्तर-त्र्याहत्तर साली ते पलटणीतून पेन्शनीत निघाले आणि कराडजवळच्या आमच्या गावी परत आले. बंगळूरला असताना लंगरात, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यात, मिळणारी कॉफी त्यांच्या जिभेवर बसली होती. ओळखीच्या एका ट्रकवाल्याकडून ते कॉफीच्या कच्च्या बिया मागवत आणि अंगणातल्या चुलीवर कढईत स्वतः भाजत. चहा त्यांनी घरातून बंद केला होता. "चहा म्हणजे पाला," म्हणायचे.

त्यांच्या बायकोला, साळूबाईंना, चहाशिवाय दिवस उजाडल्यासारखं वाटत नसे. ताक आणायच्या निमित्तानं त्या शेजारच्या रंगुबाईकडे जात आणि तासाभरानं भांडं रिकामंच घेऊन येत.

कॉफी मात्र काही केल्या लंगरातल्यासारखी होईना. दोष फोलाचा आहे, असं लालासाहेबांनी ठरवलं. बी भाजली की तडतडते आणि तिच्या अंगावरचा पापुद्रा सुटतो. शेंगदाण्याच्या फोलासारखाच, पण त्याहून हलका. तो कढईत राहिला तर जळतो आणि बियांना धुराचा वास लागतो. कॉफीत गेला तर जिभेवर कागद ठेवल्यासारखं कोरडं लागतं. हे त्यांचं म्हणणं. मला ते कधी लागायचं, कधी नाही. माझ्या जिभेचं काही खरं नाही.

नुसतं सुपानं पाखडून त्यांचं समाधान होईना. मग ते बाकावर उभं राहून, खळ्यावर धान्य उफणतात तशा बिया वरून सोडू लागले. फोल उडून रंगुबाईच्या कुरडयांवर बसायचं.

"आवं हवालदार, माझ्या कुरडयांस्नी मिशा फुटल्या की," रंगुबाई भिंतीवरून म्हणायची.

"वारं काय माझ्या हातात हाय का?"

"वारं न्हाई, सूप तर हाय न्हवं?"

तरीही बीच्या पोटातल्या चिरेत थोडं फोल अडकून राहतंच. ते काढायला लालासाहेब चष्मा लावून, दाभण घेऊन बसत. एकेक बी. मग कुटून कॉफी करत आणि मला हाक मारत.

"बोल नानासो, फोल लागतंय?"

"न्हाई. म्हंजे, जरासं."

"कुठं?"

"हितं, कडंला."

की पुन्हा दाभण. साळूबाई म्हणायच्या, "दाण्याचं कूट करताना जरा फोल ऱ्हायलं म्हणून आजपातुर कोण मेलं न्हाई."

आणि अशात बिराप्पा येणार असा निरोप आला. बिराप्पा जतकडचा, बंगळूरच्या लंगरातला स्वयंपाकी. ज्या कॉफीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ती त्याच्याच हातची. लालासाहेबांना चेव चढला.

"बिराप्पानं दुसरा कप मागितला, तर या घरात परत चहाचं नाव काढायचं न्हाई," ते साळूबाईंना म्हणाले.

"आन न्हाई मागितला तर?"

"तर मी सोता जाऊन चहाची पुडी आणीन."

"नानासो भावजी, ऐकलं न्हवं तुमी?" साळूबाईंनी मला साक्षीला धरलं. मी मान हलवली. कुणाच्या बाजूनं, ते मलाही कळलं नाही.

बिराप्पा यायच्या दिवशी लालासाहेबांनी पहाटेपासून बिया भाजल्या, उफणल्या, कोरल्या. निघालेलं फोल एका डब्यात जपून ठेवलं, पाहुण्याला दाखवायला. बियांचं सूप गार व्हायला ओट्यावर ठेवून ते स्टँडवर गेले. तेवढ्यात रंगुबाईची शेळी ओट्यावर चढली. सूप उलटलं आणि बिया खाली सारवणासाठी कालवलेल्या शेणाच्या बादलीत गेल्या. एकही वाचली नाही.

साळूबाईंनी आधी बादलीकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"वैनी, न्हाई," मी म्हणालो.

"का न्हाई? पाहुण्याला कायतरी द्यायला पायजे. आन फोलाच्या पाण्याचा दुसरा कप कोण मागतंय?"

डबाभर फोल त्यांनी पाण्यात उकळलं, दूध-साखर घातली, फडक्यातून गाळलं. रंग बरा आला होता.

बिराप्पा आला, बसला, कपबशी हातात घेतली. लालासाहेब त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"बघ, फोलाचा कण न्हाई त्यात," ते म्हणाले.

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलो.

बिराप्पानं घोट घेतला, डोळे मिटले. "हवालदार, हीच की ही. लंगरातली." आणि कप पुढं केला. "अजून आहे काय वैनी?"

साळूबाईंचा चेहरा उतरला. लालासाहेब ताठ बसले.

"आता खरं सांग बिराप्पा," ते म्हणाले, "तू तवा फोल काढायचास कसं?"

"फोल? दोनशे जवानांच्या कॉफीचं फोल कोण काढत बसणार? बियासंगं सगळं आत जायचं की. तळाला पडलेलं पण झाडून त्यातच टाकायचो."

साळूबाईंनी तेवढ्यात तोंड उघडलं. शेळी, बादली, डबा, सगळं सांगून टाकलं. "तवा दुसरा कप फोलाचा मागितलाय, कॉफीचा न्हवं."

"कॉफीचंच फोल हाय ते," लालासाहेब म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी बिराप्पाकडे बघितलं.

बिराप्पा ओठांवरून जीभ फिरवत होता. "तोंड लय कोरडं पडलं की वैनी. जरा चहा मिळंल काय?"

लालासाहेबांनी टोपी घातली आणि दुकानाकडे गेले.

पुडी घेऊन आले, पण साळूबाईंच्या हातात दिली नाही. वर्तमानपत्र पसरून त्यावर पूड ओतली आणि चष्मा लावला.

"काय बघताय?" साळूबाईंनी विचारलं. चुलीवर आधण उकळत होतं.

"काड्या लय हायत यात. चव यानंच बिघडती. थांब जरा."

साळूबाईंनी त्यांच्या हाताखालून काड्यांसकट दोन चमचे पूड उचलली आणि आधणात टाकली. चहा चांगला झाला होता. निदान मला तरी तसं वाटलं.