प्रज्ञा सिस्टरच्या गाडीचा केसपेपर

डिंगोऱ्याकडून वरच्या वाडीला चढणाऱ्या रस्त्याला सात वळणं होती आणि प्रज्ञा सिस्टरची गाडी तिसऱ्या वळणावर मरायची. आधी आवाज जड व्हायचा, मग मूठ कितीही पिळली तरी वेग उतरत जायचा आणि शेवटी करंजाच्या झाडाखाली गाडी मुकाट उभी राहायची. जणू तिथेच तिची बदली झाली होती.

गाडीच्या कॅरिअरला लशीचा निळा डबा बांधलेला. डब्यात बर्फाच्या लाद्या, लाद्यांमध्ये गोवराची लस. सिस्टर गाडी स्टँडला लावायची, डबा सोडून खांद्याला अडकवायची आणि चालू लागायची. चालण्याचं तिला काही नव्हतं. आण्याच्या पठारावर जन्मलेली, हंडा घेऊन दोन-दोन मैल चाललेली ती पोर. पुण्याला नर्सिंगचा कोर्स करून एकोणनव्वद साली डिंगोऱ्यात सून म्हणून आली, दोन वर्षांनी इथल्याच उपकेंद्रावर लागली. पाच गावं, अकरा वाड्या. पायांना चढ नवा नव्हता. प्रश्न साडेनऊचा होता.

कांदा लागवडीचे दिवस होते. वाडीवरच्या बाया लेकरं काखेला मारून साडेनऊला मुकादमाच्या टेंपोत चढायच्या. टेंपो डोंगराच्या पलीकडच्या अंगाने यायचा आणि तिकडूनच जायचा. आरोग्य केंद्रातलं लशीचं शीतकपाट आठच्या आत उघडत नसे. केंद्राची जीप कायम कुठल्यातरी मीटिंगला गेलेली. गाडी धड चालली तर सव्वानऊला वाडी. तिसऱ्या वळणापासून चालत गेलं तर साडेदहा. साडेदहाला वाडीत कोंबड्या आणि म्हाताऱ्या.

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी वाडीचा नंबर. नोव्हेंबर असा गेला. डिसेंबरात शेजारच्या खोऱ्यातल्या एका वस्तीवर गोवर निघाल्याचं कळलं, आणि त्या मंगळवारी गाडी पुन्हा करंजाखाली मेली.

त्या दिवशी वाडीत रुपाली एकटी थांबली होती, नऊ महिन्यांची मुलगी मांडीवर घेऊन. सिस्टर धापा टाकत पोचली आणि लशीची बाटली बाहेर काढणार तोच रुपाली म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. पोरीला कालपास्नं ताप हाय."

सिस्टरने हात लावून पाहिला. अंग फणफणत होतं. आज टोचता येणार नव्हतं.

"पुढच्या महिन्यात नक्की," सिस्टर म्हणाली.

"मागल्या टायमाला बी नक्कीच व्हतं." रुपालीने मुलीचं टोपडं सारखं केलं. "म्या आज हजेरी बुडवून बसले. बाकीच्या हसत्यात मला. आमी अकराजणी हाय, बाई. पुढल्या मंगळवारी टेंपोच्या आधी आलात तर आलात. न्हाईतर पुन्यांदा आमी कुणी लेकरं काढणार न्हाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सिस्टरला उतरताना इतकं जड गेलं नसतं.

गाडी एम-एटी, सेकंडहँड. पंच्याण्णव साली सासरे जयवंत एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आणि हाती आलेल्या पैशातून त्यांनी पहिली वस्तू घेतली ती सुनेसाठी ही गाडी. शाळेच्या मैदानावर तिला शिकवताना अठ्ठावन्न वर्षांचा तो अबोल माणूस धोतराचा सोगा धरून मागे पळत होता. तोंडातून एकच शब्द: "क्लच." ती पडली तेव्हाही, उठली तेव्हाही. नवरा राजरत्न पिंपरीला कंपनीत, आठवड्यातून एकदा येणार. तेव्हा गाडीची देखभाल सासऱ्यांकडे, आणि सल्ल्यांचं खातं उरलेल्या सगळ्या तालुक्याकडे.

गाडी बंद पडलेली बाई दिसली की पुरुषमाणसाला काय होतं, हे सिस्टरला कधी समजलं नाही. सायकलवरचा थांबायचा, बैलगाडीवाला थांबायचा. जन्मात गाडीला हात न लावलेला गुराखीही वाकून खाली बघायचा आणि म्हणायचा, "प्लगात कचरा आसंल."

चढाच्या पायथ्याशी गेणभाऊचं चहाचं दुकान. तिथे तर रोज एक नवं निदान उकळत असायचं.

"बाई, क्लचप्लेटी गेल्या," गेणभाऊ म्हणायचा.

"त्या मागच्या महिन्यात बदलल्या, गेणभाऊ."

"मग कारबोरेटर."

"तो दोनदा साफ केला."

"मंग बाई, राग येऊ देऊ नका, गाडीला चालवणारा हात हलका लागतो."

"हात हलका आहे म्हणून तर तुमच्या नातवंडांना सुई कळत नाही," सिस्टर म्हणायची आणि चहा न घेता निघायची.

जुन्नरच्या बाजारपेठेमागे रामनाथचं गॅरेज होतं. त्याने प्लग बदलला, पॉइंट घासले, जेट फुंकले, क्लचप्लेटी टाकल्या. दर खेपेला गाडी बाजारातल्या सपाट रस्त्यावर फिरवून आणायचा आणि म्हणायचा, "फर्स्टक्लास." सपाटीवर ती फर्स्टक्लासच होती. दुखणं चढावर होतं आणि जुन्नरच्या बाजारपेठेत चढ नव्हता.

"रामनाथभाऊ, एकदा वाडीच्या रस्त्याला या. तिथे दाखवते."

"सिस्टर, तिकडं यायचं म्हंजी माझा दिस मोडला. तुमी पेशंटच्या घरी जाता व्हय सुई मारायला?"

"जाते. रोज तेच करते."

तो हसला. तिला हसू आलं नाही.

डिसेंबरच्या शेवटी एका दुपारी सिस्टरने तपासणीच्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूला गाडीचा केसपेपर काढला. गंमत म्हणून नाही, चिडून काढला. आजवर सगळ्यांनी औषध दिलं होतं, तपासलं कुणीच नव्हतं. तिने लिहिलं: वय नऊ वर्षं. तक्रार: चढावर दम लागणे. सकाळी गार असताना लगेच सुरू. सपाटीला त्रास नाही. चढावर एक मैलाने शक्ती जाते. अर्धा तास विश्रांती दिल्यास एक वळण चढते, पुन्हा तेच. धूर पांढुरका, दाट. सायलेन्सरच्या टोकातून काळं तेल ठिबकते.

शेवटची नोंद सासूबाईंमुळे झाली. गाडी अंगणात जिथे लावत तिथल्या चुन्याच्या भिंतीवर भाकरीएवढा काळा डाग पडला होता, आणि पारूबाई रोज त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, "तुझी गाडी माझ्या भितीला काजळ घालतीय. आधी त्ये बघ."

तिने ते बघितलं नव्हतं. ती इतरांसारखीच प्लगकडे बघत राहिली होती.

जानेवारीचा दुसरा मंगळवार तीन दिवसांवर असताना, शनिवारी, रामनाथने सायलेन्सर सोडून आत टॉर्च मारला, पिस्टन पाहिला आणि हातरुमालाला हात पुसत सांगितलं, "बोअर करावा लागंल. पिस्टन नवा. आठ दिस गाडी हितं ठेवा."

आठ दिवस म्हणजे मंगळवार गेला. सिस्टरने गाडी मागे घेतली. रामनाथने घाईघाईत सायलेन्सर बसवून दिला, आणि घरी येताना वाटेतल्या खिंडीच्या अलीकडे एक नट गळून पडला. दुसरा ढिला झाला. इंजिनाशी सायलेन्सरचा जोड उघडला आणि असा आवाज फुटला की रस्त्याकडेच्या शेळ्या पांगल्या. सिस्टरचं तोंड लाजेने तापलं. थांबावं म्हणून तिने मूठ सैल केली आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की खिंडीचा चढ मागे पडला आहे. गाडी चढली होती. नुसती चढली नव्हती, ओढत होती.

ती खिंडीच्या माथ्यावर उभी राहिली. जोडातून धूर भसाभसा बाहेर येत होता, सायलेन्सरमध्ये शिरण्याच्या आधीच. म्हणजे इंजिन धडधाकट होतं. दम्याच्या पेशंटला हवा आत घेता येत नाही असं घरच्यांना वाटत असतं. खरं तर त्याला ती बाहेर सोडता येत नाही. जुनी बाहेर पडत नाही म्हणून नवीला जागा नाही. हे तिने शंभर घरांत समजावून सांगितलं होतं. आणि स्वतःच्या गाडीला मात्र तीन महिने ती नवी नाकं लावत बसली होती.

गेणभाऊच्या दुकानासमोर दूधवाल्याची तसलीच एम-एटी उभी होती. सिस्टरने आधी आपल्या गाडीचा सैल नट हाताने आवळला, गळलेल्या जागी गेणभाऊकडून तार घेऊन आवळली. मग दूधवाल्याला गाडी सुरू करायला सांगून सायलेन्सरच्या टोकामागे तळवा धरला. गरम झोत तळव्यावर आदळला. मग स्वतःच्या गाडीमागे धरला. आजारी लेकराच्या नाकाशी बोट धरावं तेवढंच काहीतरी लागलं.

"बाई आता गाडीची नाडी बी बघायला लागल्या," गेणभाऊ म्हणाला.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून तीन महिने नुसतं तोंड बघितलं," सिस्टर म्हणाली.

सायलेन्सर चोंदलाय हे कळलं. का चोंदला हे कळायचं होतं. पंपावर ती स्वतः उभी राहून पेट्रोलमध्ये मापाने तेल घालून घ्यायची, ना कमी ना जास्त. तेवढ्याने भिंत काळी होत नाही. घरी येऊन तिने तो प्रश्न विचारला जो ती प्रत्येक पेशंटला विचारते आणि ज्याचं खरं उत्तर पहिल्यांदा कधीच मिळत नाही.

"आत्या, आपल्या गाडीला आणखी कुणाचं औषध चालू आहे का?"

पारूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्ये घालत्यात की दर रविवारी. ट्रॅक्टरवाल्याकडनं दाट त्याल आणत्यात. भांडंभर."

ओसरीवर जयवंत बसले होते.

"मामा?"

"घालतो," जयवंत म्हणाले.

"किती दिवस?"

"पयल्यापास्नं."

सिस्टर पायरीवर बसली. दोन दवाखान्यांच्या गोळ्या एकदम घेणाऱ्या आणि विचारल्यावर निरागस बघणाऱ्या सगळ्या पेशंटांचे चेहरे तिच्यापुढून गेले. "मामा, मी पंपावर तेल घालूनच आणते. तेवढंच लागतं. जास्तीचं जळत नाही, त्याचा कोळसा होऊन सायलेन्सरमध्ये बसतो. गाडीचा गळा दाबलाय तुम्ही."

"बत्तीस वर्सं एस.टी. चालवली," जयवंत सावकाश म्हणाले. "त्याल कमी पडून मेलेली इंजनं पाह्यली. त्याल जास्त झालं म्हणून मेल्यालं एक बी न्हाई पाह्यलं."

"एस.टी.चं तेल वेगळं राहतं, डिझेलात मिसळत नाही. इथे पेट्रोलबरोबर जळतं. विचारायचं तरी."

"तू डोंगरात एकली जातीस," ते म्हणाले. "म्हणलं इंजन कोरडं नको पडाया."

रागावण्याची सगळी तयारी झालेली असताना माणसाने असं काही बोलावं, याचाच तिला अधिक राग आला.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी अंगणात शेणी आणि मक्याची बुरकुंडं रचून तिने सायलेन्सर जाळात घातला. आधी पांढरा धूर, मग पिवळा, मग इतका काळा नि घाण की शेजारणी दारं लावून बसल्या. ती सांडशीने सायलेन्सर फिरवायला गेली तर जयवंतांनी सांडशी हातातून घेतली. तासाभराने त्यांनी तो ओढून काढला, गार होऊ दिला आणि लाकडी दांड्याने ठोकायला बसले. आतून पापुद्रे गळले, मग खडे. पारूबाईंनी आणलेलं सूप अर्धं भरलं. जयवंतांनी त्या काळ्या ढिगातला एक खडा उचलून बोटांत चुरला. दीड वर्षाचे रविवार होते ते.

सिस्टर आतून वीस मिलीची काचेची जुनी सिरिंज घेऊन आली. "आता पंपावर मी तेल घालणार नाही. तुम्हीच घालायचं. दर लिटरला एक सिरिंज. गाडीचंच तेल, ट्रॅक्टरचं नाही. अर्धा थेंबही वर नाही."

जयवंतांनी सिरिंज उजेडाकडे धरून रेषा पाहिल्या. "बरं," ते म्हणाले. मग सिरिंज खाली करत, "थंडीत?"

"थंडीतही."

मंगळवारी गाडी करंजाजवळ आली तेव्हा सिस्टरने श्वास रोखला. करंज मागे गेला. चौथं वळण, पाचवं. सातव्यावरून वाडी दिसली आणि टेंपोही. अजून सव्वानऊही वाजले नव्हते. मुकादम आज लवकर आला होता आणि बाया लेकरांसकट आत चढून बसल्या होत्या.

सिस्टरने गाडी टेंपोच्या मागे आडवी घातली. रुपालीने बघितलं, पण उठली नाही.

"उतरू नका कुणी," सिस्टर म्हणाली. तिने टेंपोचा मागचा फाळका खाली पाडायला लावला, त्यावर डबा ठेवला. टेंपो सुरूच होता आणि त्याचा काळा धूर थेट लेकरांच्या तोंडावर येत होता. "ड्रायव्हर, इंजिन बंद करा."

"बंद केलं तर पुन्हा चालू व्हत न्हाई, बाई. ढकलाया लागतंय."

"मग ढकलू."

"कोण ढकलणार?"

"आमी अकराजणी हाय की," रुपाली म्हणाली आणि लेक पुढे केली. "हिला आधी टोचा. आज ताप न्हाई."

इंजिन बंद झालं. मग वाडीत फक्त लेकरांचं रडणं उरलं, एकामागून एक, अकरा वेळा. सिस्टरने सुया आवरल्या, कार्डं भरली. सगळ्या बाया खाली उतरल्या, लेकरं आत बसवून टेंपोच्या मागे लागल्या. मध्ये सिस्टर. उतारावर दोन धक्क्यांत टेंपो खोकला, तिसऱ्याला सुरू झाला आणि सगळ्यांच्या तोंडावर काळं फासून पुढे जाऊन थांबला.

ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणाला, "सिस्टर, तुमची गाडी तर गुणानं चढली. आमच्या हिच्यात काय बिघाड आसंल, जरा बघता का?"

सिस्टरने पदराने तोंड पुसलं. पदर काळा झाला.

"बघते," ती म्हणाली. "आधी खरं सांगायचं. हिला आणखी कुणाकुणाचं औषध चालू आहे?"